तापलेल्या गिअरबॉक्सचा हिशेब

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधले तेल ७९ अंश सेल्सिअसला राहिले तर साधारण १ लाख ६० हजार किलोमीटर टिकते, आणि त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. अमेरिकेतल्या ट्रान्समिशन दुरुस्तीच्या धंद्यात हा ठोकताळा कित्येक दशके चालत आला आहे. त्यानुसार ९० अंशांना ८० हजार किलोमीटर, १०२ ला ४० हजार, ११३ ला २० हजार, १२४ ला १० हजार आणि १३५ ला ५ हजार. १५७ अंशांना उरतात १,२०० किलोमीटर, म्हणजे ट्रेलर जोडून डॅलसहून डेन्व्हरला एकदा जाण्याइतके.

हा तक्ता खनिज तेलांच्या काळातला आहे. जनरल मोटर्सने २००५ मध्ये आणलेले डेक्स्रॉन-६ आणि त्यानंतरची तेले उष्णतेला जास्त टिकतात, त्यामुळे तक्त्यातले किलोमीटर आज जसेच्या तसे धरता येत नाहीत. उतरण मात्र धरता येते, कारण तेलाचे ऑक्सिडीकरण तापमानाबरोबर याच चालीने वाढते. आणखी एक बदल लक्षात ठेवायला हवा. नव्या पिकअपमध्ये तेल मुद्दाम ९० ते १०० अंशांच्या दरम्यान ठेवले जाते; तेल पातळ राहिले की पंपाचा भार कमी होतो आणि इंधन वाचते. यासाठी तेल थंड करणाऱ्या कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्यामुळे ९६ अंशांचा आकडा हा बिघाड नव्हे. ११० च्या पुढे काटा टिकून राहिला तर कारण शोधायचे. १३० च्या आसपास बऱ्याच ट्रकमध्ये इशारा येतो आणि पी०२१८ हा बिघाडाचा कोड नोंदला जातो.

प्रश्न किती गाड्यांचा आहे, ते एका मालिकेवरून कळते. फोर्डने अमेरिकेत २०२३ मध्ये एफ-सीरिजचे ७,५०,७८९ ट्रक विकले; २०२२ मध्ये हा आकडा ६,५३,९५७ होता. वाढ १४.८ टक्के. एफ-१५० मध्ये मॅन्युअल गिअरचा पर्याय २००८ च्या मॉडेलनंतर राहिला नाही आणि रॅमच्या मोठ्या पिकअपमधून तो २०१८ नंतर गेला. म्हणजे तिकडे ट्रेलर, बोट किंवा घोड्यांची गाडी ओढणारा जवळपास प्रत्येक नवा पिकअप ऑटोमॅटिकच आहे. महाराष्ट्रात धावणारे बहुतेक पिकअप मॅन्युअल आहेत. तिथे घाटात क्लच जळाला की वास थेट केबिनमध्ये येतो. ऑटोमॅटिकमध्ये तीच झीज बंद कवचात, तेलात बुडालेली असते. बाहेर येतो तो फक्त तापमानाचा आकडा, आणि तो आकडा पाहून बहुतेक मालक एकच गोष्ट करतात: मोठा कूलर बसवतात. हा उपाय कधी बरोबर आणि कधी घातक, हे उष्णतेच्या जमाखर्चावरून ठरते.

जमाखर्च मांडायला ॲरिझोनातला एक चढ सोयीचा आहे. बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस धरणापासून स्टेट रूट ६८ पूर्वेकडे वर जातो. १८.३ किलोमीटरमध्ये चढ सुमारे ९०० मीटरचा, सरासरी ५ टक्के. एसएई जे२८०७ या मानकानुसार पिकअपची ओढण्याची क्षमता याच चढावर ठरते: बाहेर किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू, आणि एकेरी मागच्या चाकांच्या ट्रकने वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मानक २००८ मध्ये आले, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून लावले, आणि अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांना ते मान्य करायला २०१५ च्या आसपासचा काळ लागला.

आता २,५०० किलोचा ट्रक आणि ४,३०० किलोचा ट्रेलर घेऊ. एकूण ६,८०० किलो. हे वजन ९०० मीटर उचलायला ६० मेगाज्यूल लागतात. ताशी ६४ च्या वेगाने चढ १७ मिनिटांचा, म्हणजे नुसत्या उचलण्यासाठी ५८ किलोवॅट. टायरचे घर्षण अंदाजे १४ आणि वाऱ्याचा अडथळा १६ धरला की चाकांवर ९० किलोवॅटच्या जवळपास जातात. मागच्या ॲक्सलमधले नुकसान आणि गिअरबॉक्सचे स्वतःचे ५ टक्के धरून गिअरबॉक्सच्या तोंडाशी ९८ किलोवॅट यावे लागतात. त्यातले सुमारे ५ किलोवॅट गिअर, बेअरिंग आणि पंपामध्ये उष्णता होऊन तेलात उतरतात. हा खर्च टाळता येत नाही.

टाळता येण्याजोगा खर्च त्याच्या आधी, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये होतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला हा डबा असतो. त्याची एक बाजू इंजिनबरोबर फिरते, दुसरी तेलाच्या झोताने. दोन्ही बाजूंच्या वेगातला फरक म्हणजे स्लिप. वेग जमला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकमेकींना बांधतो आणि स्लिप शून्याजवळ येते. स्लिपची किंमत काढायचे सूत्र शाळेतल्या पदार्थविज्ञानाचेच आहे: टॉर्क गुणिले वेगातला फरक. आपल्या उदाहरणात टॉर्क सुमारे ४३० न्यूटन-मीटर येतो. मग मिनिटाला २० फेऱ्यांची स्लिप म्हणजे ०.९ किलोवॅट. १०० फेऱ्यांची ४.५ किलोवॅट. ३०० फेऱ्यांची १३.५ किलोवॅट.

म्हणजे क्लच लागलेला असताना गिअरबॉक्समध्ये एकूण उष्णता ६ किलोवॅट, आणि ३०० फेऱ्यांनी घसरत असताना १८.५ किलोवॅट. चढ तोच, वजन तेच, वेग तोच, उष्णता तिप्पट. ड्रायव्हरला फरक दिसतो तो टॅकोमीटरवर ३०० फेऱ्यांचा, आणि तोही लक्ष असेल तर.

याचे तापमानात रूपांतर करता येते. साधारण १२ लिटर तेल आणि शंभरेक किलो धातू मिळून एक अंश तापायला ८० किलोज्यूल लागतात असे धरू. कूलर असा की बाहेर ३८ असताना आणि तेल ९० ला असताना तो बरोबर ६ किलोवॅट बाहेर टाकतो. क्लच लागलेला असेल तर काटा ९० ला स्थिर राहतो. क्लच घसरू लागला की पहिल्या मिनिटाला ९ अंश चढतात आणि पाच मिनिटांत तेल १२८ ला पोचते. तेल तापते तसा कूलरही जास्त उष्णता टाकतो, म्हणून पुढची वाढ मंदावते. पण जमा आणि खर्च सारखे व्हायला १९८ अंश गाठावे लागतील. गिअरबॉक्स तिथवर टिकत नाही. साधारण ११५ च्या पुढे तेलाचे वार्निश धरू लागते, १२७ च्या आसपास सील कडक होऊ लागतात आणि १४५ च्या पुढे क्लच प्लेट घसरू लागतात. त्या घसरल्या की उष्णतेचा दुसरा उगम सुरू होतो.

आता त्याच घसरणाऱ्या गाडीला दुप्पट क्षमतेचा कूलर लावू. समतोल १९८ वरून ११८ ला येतो. इशारा येत नाही, काटा मधल्या पट्ट्यात राहतो, मालक समाधानी होतो. लॉक-अप क्लचच्या पृष्ठभागावर मात्र १३.५ किलोवॅट जळतच राहतात; कूलरने त्यातला एकही वॅट कमी केलेला नाही. मला या दुरुस्तीची काळजी वाटते ती याच कारणाने. तिने इशारा बंद होतो आणि झीज चालू राहते. काही महिन्यांनी गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या तव्यात क्लचचा काळा गाळ जमतो, तो व्हॉल्व्ह बॉडीत जातो, आणि काहीशे डॉलरच्या कूलरमागे काही हजार डॉलरचा गिअरबॉक्स जातो.

कूलरच दोषी असण्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यांचे तापमान वरून अगदी तसेच दिसते. कूलरच्या पत्र्यांमध्ये धूळ, किडे आणि तेलकट चिखल बसून त्याची क्षमता निम्मी झाली, तर ६ किलोवॅटच्या निरोगी गिअरबॉक्सचा समतोलही १४२ अंशांना जातो. एका गाडीचा काटा घसरणाऱ्या क्लचमुळे १४० वर, दुसरीचा तुंबलेल्या पत्र्यांमुळे १४० वर. तापमान पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. स्लिपचा आकडा पाहिला तर एका मिनिटात होतो: एकीकडे ३००, दुसरीकडे २०. दुसऱ्या गाडीचा इलाज पाण्याची नळी आणि मऊ ब्रश एवढाच आहे. म्हणून तापमानाच्या शेजारी स्लिप वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

हा आकडा मिळवणे आता कठीण नाही. स्कॅनरवर इंजिनचा वेग, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा वेग, आउटपुट शाफ्टचा वेग आणि लॉक-अपचा हुकूम असे चार आकडे दिसतात. जनरल मोटर्सच्या ६एल८० या सहा गिअरच्या बॉक्सचे उदाहरण घेऊ. तो सिल्व्हराडो १५०० मध्ये अनेक वर्षे होता. त्याचा तिसरा गिअर १.५३ चा. ताशी ६४ ला, मागच्या ॲक्सलचे गिअर-प्रमाण ३.४२ आणि टायर ३२ इंची असताना आउटपुट शाफ्ट १,४३० ने फिरतो, त्याला १.५३ ने गुणले की इनपुट २,१८८ यायला हवा. इंजिन २,४९० दाखवत असेल तर कन्व्हर्टरमध्ये ३०२ ची स्लिप आहे. आता हुकूम पाहायचा. संगणकाने लॉक-अप मागितलेच नसेल, तर बिघाड कदाचित कुठेच नाही: गाडी वरच्या गिअरमध्ये ओढली जात आहे, ओझे ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड बंद आहे, किंवा भार क्षमतेबाहेर आहे. मोड चालू करून गिअर उतरवला की इंजिनचा वेग वाढतो, क्लच लागतो आणि पंप जास्त तेल फिरवतो. पण लॉक-अपचा हुकूम पूर्ण असताना स्लिप ३०० असेल, तर क्लच, त्याचा सोलेनॉइड किंवा दाब यांपैकी काहीतरी गेले आहे. पी०७४१ हा कोड याच वेळी येतो.

दुसरी शक्यता इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये असते. आउटपुट १,४३० असताना इनपुट २,१८८ ऐवजी २,२७० दिसला, तर ८२ फेऱ्या गिअरबॉक्सच्या आतल्या एखाद्या क्लचमध्ये हरवत आहेत. अंदाजे ३.७ किलोवॅट. एवढ्या स्लिपला गाडी झटका देत नाही, आवाज करत नाही. गुणाकार केल्याशिवाय ती सापडत नाही.

गिअर वारंवार बदलत राहिले की बॉक्स तापतो, हे सगळेच सांगतात. पण बदलाची स्वतःची उष्णता थोडी आहे. अर्ध्या सेकंदाच्या एका बदलात साधारण १२ किलोज्यूल जातात. मिनिटाला दोन बदल झाले तरी सरासरी ०.४ किलोवॅट. खरा खर्च त्यानंतरचा असतो. प्रत्येक बदलाच्या वेळी लॉक-अप सुटतो. तो पुन्हा लागेपर्यंत सहा सेकंद ३०० ची स्लिप राहिली तर ८१ किलोज्यूल, म्हणजे बदलाच्या जवळपास सातपट. म्हणून चढावर एक गिअर धरून ठेवण्याचा सल्ला बरोबर आहे.

मोठ्या टायरचा हिशेब अनेक मालकांच्या नजरेतून सुटतो. ३२ इंची टायर काढून ३५ इंची लावले की ३.५५ चा ॲक्सल परिणामाने ३.२५ चा होतो. त्याच चढावर त्याच गिअरमध्ये गिअरबॉक्सला ९ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो आणि लॉक-अप उशिरा लागतो. ट्रक दिसायला मोठा होतो, ओढायला कमजोर. ३.९ च्या आसपासचा ॲक्सल टाकला की मूळ प्रमाण परत येते. कूलरने येत नाही.

स्लिप ठीक असेल तर खर्चाची बाजू, म्हणजे कूलर, तपासायची. इथेही एक आकडा फसवतो. कूलरमध्ये जाताना आणि बाहेर येताना तेलाच्या तापमानात जितका फरक जास्त तितका कूलर चांगला, असे वाटते. मिनिटाला ८ लिटर तेल वाहत असताना २५ अंशांचा फरक म्हणजे ५.६ किलोवॅट बाहेर गेले. नळी दबली, व्हॉल्व्ह अर्धवट अडकला आणि प्रवाह २ लिटरवर आला, तर तेल कूलरमध्ये जास्त वेळ रेंगाळते आणि फरक ५० अंशांचा दिसतो. बाहेर मात्र २.८ किलोवॅटच जातात. फरक दुप्पट, काम निम्मे. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटरने नळ्या तपासून थांबू नये, प्रवाह मोजावा. परतीची नळी काढून भांड्यात धरायची, इंजिन आयडलवर ठेवायचे: २० सेकंदांत सुमारे १ लिटर ही गॅरेजमधली जुनी कसोटी आहे. तेल गरम असतानाच मोजायचे, नाहीतर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बंद असल्याने चांगली गाडीही नापास होते.

तेलाची पातळीही गरम असतानाच पाहायची, कारण १२ लिटर तेल २० वरून ९० अंशांना गेले की अर्ध्या लिटरहून जास्त फुगते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात. दोन्हींत दाब घटतो आणि क्लच घसरतो. हेच तेल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पाहावे. लाल थेंब पसरून फिकट झाला तर ठीक. मधोमध तपकिरी गाभा राहिला आणि त्याला जळका वास असेल, तर आकडे काहीही म्हणोत, तवा उतरवून आतला लोहचुंबक पाहण्याची वेळ आलेली आहे.

सगळ्यात जास्त उष्णता डोंगरात होत नाही. ती होते घराच्या चढत्या वाटेवर ट्रेलर मागे ढकलताना. गाडी जवळपास थांबलेली, इंजिन २,००० वर, टॉर्क २५० न्यूटन-मीटर: इंजिनचे सगळेच्या सगळे ५२ किलोवॅट कन्व्हर्टरच्या तेलात जातात. डेव्हिस धरणाच्या चढावर घसरणाऱ्या क्लचच्या एकूण उष्णतेच्या ही जवळपास तिप्पट आहे. नुसते तेल धरले तर सेकंदाला २.६ अंश. दहा सेकंदांत २६. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकमध्ये लो रेंजचा लिव्हर लावला की टॉर्कची गरज सुमारे २.७ पटीने घटते. तो लिव्हर चिखलासाठी आहे असे समजून बरेच जण या कामाला तो वापरतच नाहीत.

उंचीचा परिणाम अपेक्षेच्या उलट आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ३,४०१ मीटरवर आहे आणि तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के. कूलरची क्षमता २० टक्के घटली असे धरू. पण बाहेर तापमान १५ असेल, तर ६ किलोवॅटचा समतोल ८० अंशांना येतो, ॲरिझोनापेक्षा दहा अंश खाली. विरळ हवेची झळ बसते ती टर्बो नसलेल्या इंजिनाला; त्याची ताकद घटते, गिअर खालीवर होत राहतात आणि लॉक-अप वारंवार सुटतो. बोगद्याकडे चढताना काटा वर गेला तर दोष कूलरला देण्याआधी स्लिप वाचावी.

उष्णता निरोगी भागांनाही धोक्यात घालते, याचे उदाहरण २०२२ च्या नोव्हेंबरमधले आहे. स्टेलांटिसने डिझेलच्या मोठ्या रॅम पिकअपपैकी जवळपास अडीच लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरबॉक्समधली उष्णता आणि दाब वाढून तेल डिपस्टिकच्या नळीतून बाहेर येण्याची आणि गरम भागावर पडून पेट घेण्याची शक्यता होती. निसानच्या २००५ ते २०१० च्या फ्रंटियर पिकअपमध्ये तर कूलरनेच गिअरबॉक्स मारले. तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीत होता. मधली भिंत फुटली की कूलंट तेलात मिसळायचे, तेल गुलाबी दुधासारखे व्हायचे आणि पाण्याने क्लच प्लेटवरचे अस्तर सुटायचे. कंपनीला वॉरंटी ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांपर्यंत वाढवावी लागली. अशा गाडीत तापमान चढते ते सगळ्यात शेवटी. तेल तपासताना गुलाबी फेस दिसला तर इंजिन पुन्हा चालू करू नये.

सेन्सर कुठे आहे तेही विचारावे. बहुतेक ट्रकमध्ये तो तव्यातल्या तेलात असतो. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीवर वेगळा काटा बसवला, तर चढावर तो तव्यापेक्षा २० ते ३० अंश जास्त दाखवू शकतो. शेजाऱ्याच्या ट्रकचा १२५ आणि आपला १००, एवढ्यावरून काही ठरत नाही.

दुरुस्ती झाली की त्याच चढावर, तोच ट्रेलर, तोच वेग आणि शक्यतो तीच दुपारची वेळ धरून स्कॅनरवरचे चारही आकडे आणि तेलाचे तापमान पुन्हा नोंदवावे. स्लिप २० च्या आसपास आणि तेल ९० ते १०० मध्ये असेल तर गाडी कामाला लावावी. स्लिप २० असूनही तेल ११५ ला जात असेल, पत्रे धुतलेले असतील आणि प्रवाह पुरेसा असेल, तर मोठा कूलर घ्यावा. त्याची जागा इथे आहे. तेल उतरले पण स्लिप ३०० च राहिली, तर गाडी परत लिफ्टवर घ्यावी.